शेरा : सुस्थितीत

मी पोलीस ठाण्याची जीप बोलतेय. हो, तीच, आवारातल्या झाडाखाली उभी असलेली. माझ्या अवताराला हसलात तरी राग नाही. कावळ्यांनी माझ्या टपाची काय दशा केली आहे, ते मलाही ठाऊक आहे.

मी इथे आले तेव्हा गाव एवढंसं होतं. एक बाजारपेठ, एक शाळा, नदीवरचा पूल आणि पुलापलीकडे उजाड टेकडी. ठाण्यात अकरा माणसं आणि बारावी मी. मला चालवायला मिळाले ते मामा. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण साहेबापासून चोरापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. रोज सकाळी ते माझं तेलपाणी बघत, काच पुसत आणि वहीत एकच शेरा मारत, ‘सुस्थितीत’.

बघता बघता टेकडीवर वसाहत उठली. मग दवाखाना आला, दोन शाळा आल्या. काल जिथे शेळ्या चरत होत्या, तिथे आज चौथ्या मजल्यावर कपडे वाळत. मला त्याचं भारी नवल वाटायचं. गाव चौपट झालं, ठाण्यात माणसं मात्र अकराच राहिली आणि मी झिजत गेले. टेकडीच्या चढावर माझं पाणी उकळायला लागलं. मग मामा खाली उतरत, कॅनमधलं पाणी ओतत आणि मी गार होईपर्यंत माझ्याशी गप्पा मारत. परत आल्यावर वहीत लिहीत, ‘लागलीच पोहोचलो. गाडी सुस्थितीत.’

गेल्या वर्षी ठाण्याला नव्या मॅडम आल्या. पुढच्या दहा वर्षांत किती माणसं, किती गाड्या, काय सामान लागेल याचा आराखडा शनिवारपर्यंत पाठवा, असा त्यांना वरून हुकूम होता. एकदा तो गेला की दहा वर्षं तोंड उघडायची सोय नव्हती.

मी त्यांच्या खिडकीसमोरच उभी असे. त्यांनी भिंतीवर गावाचा नकाशा लावला आणि त्यावर पेन्सिलीने रस्ते काढले, जे अजून कुठेच नव्हते. त्या रस्त्यांवर राहायला येणारी माणसं, त्यांची अजून जन्मालाही न आलेली पोरं, त्यातलं कोण हरवेल, कुणाच्या घरात चोर शिरेल आणि तेव्हा कोण धावेल, याचा विचार करत बाई चहा गार करत बसायच्या. मी जन्मभर हाक आली की धावले. हाकेच्या आधी दहा वर्षं कुणी तयारीला बसतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. माझं इंजिन बंद होतं, तरी अंगावर शहारा आला.

पण घोडं अडलं ते आमच्यापाशीच.

“मामा,” मॅडम वह्या पुढे सरकवत म्हणाल्या, “यात तर आपण टेकडीवर लागलीच पोचतो. गाडीही ठणठणीत. मग तिथे चौकी आणि दुसरी गाडी मी कोणत्या तोंडाने मागू?”

“लागलीच म्हणजे, लागलीचच की.”

“चला, मला नेऊन आणा.”

मामांनी मुकाट्याने पाण्याचे दोन कॅन मागे ठेवले. मॅडमनी ते पाहिलं आणि घड्याळ लावलं. मामांची अब्रू राखायला मी जिवाचं रान केलं. पण अर्ध्या चढावर वाफ निघालीच.

“दम खाते जरा,” मामा म्हणाले. “नेहमीचंच आहे.”

“नेहमीचं? मग वहीत का नाही?”

मामा कॅनचं झाकण फिरवत राहिले. “घरातल्या म्हातारीचं दुखणं कुणी चव्हाट्यावर मांडतं का? लिहिलं असतं, तर हिला भंगारात काढली असती.”

“आणि मागे टेकडीवर शाळेजवळच्या खाणीत ती मुलगी पडली, तेव्हा?”

“तेव्हाही इथेच थांबलो होतो.” मामांनी कॅन उचलला. “आम्ही पोचेपर्यंत लोकांनी तिला दोराने वर काढलं होतं.”

“आणि लोक नसते तर?”

मामांनी रिकामा कॅन मागे ठेवला. मलाही ते जिव्हारी लागलं, कारण थांबले होते ती मी.

शुक्रवारी मामा माझ्याच सीटवर बसून आराखड्यासोबत जोडायचा जबाब लिहीत होते. ‘माझ्या जुन्या नोंदी खोट्या आहेत, टेकडीवर पोचायला चाळीस मिनिटं लागतात.’ खाली सही केली. मग रोजची वही उघडली आणि लिहिलं, ‘नादुरुस्त’. “माफ कर गं बाई,” ते म्हणाले. त्यांना कसं सांगू, की माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं.

आराखडा मंजूर झाला. अकराची एकवीस माणसं झाली, टेकडीवर चौकी बांधायला घेतली आणि ती होईपर्यंत नवी गाडी आमच्याच आवारात उभी राहिली. मामा निवृत्त झालेत, तरी सकाळी येऊन माझी काच पुसतात. सोमवारी मला भंगारात नेतील. जाता जाता एवढंच मागते, ज्याच्यावर जीव आहे त्याचं दुखणं झाकू नका.

आज सकाळीच टेकडीवरून फोन आला. मामा फडकं हातात धरून थबकले. नवी गाडी फाटकातून निघाली, पूल ओलांडून चढाला लागली. मी थांबायचे ते वळण आलं आणि ती न थांबता वर निघून गेली. आम्ही दोघं डोळे फाडून बघत राहिलो.

“लागलीच,” मामा पुटपुटले आणि पुन्हा माझी काच पुसू लागले.