नावानिशी छापलेली बातमी

“मुळे सर, तुमीसुद्धा?” स्टँडवरच्या चहावाल्या आदिनाथने पेपर पुढे सरकवला आणि तिसऱ्या पानावर बोट टेकवलं.

शामकांतरावांनी चष्मा चढवला. ‘टाकीबाबत ब्लॉगवरील मजकूर निराधार; पाणी नियमित येते : छबूबाई’. त्याखाली ठळक अक्षरांत, ‘शामकांत मुळे, मिरजगाव’.

ही बातमी त्यांनी लिहिलेलीच नव्हती.

शाळेतली नोकरी सांभाळून एकतीस वर्षं ते नगरच्या एका दैनिकाचे वार्ताहर होते. पूर्वी बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे देत, आता मोबाईलवरून पाठवत. वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीला पहिल्याच उन्हाळ्यात तडा गेला, तेव्हा फोटोसकट बातमी त्यांनीच पाठवली होती. त्याला तीन वर्षं झाली. ती छापून आली नाही. ज्या सभापतींच्या माणसाने टाकी बांधली, त्यांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात मात्र दरसाल येत राहिली.

परवा तीच बातमी गावातल्या कल्याणने आपल्या ब्लॉगवर टाकली. सोबत वस्तीवरच्या छबूबाईंचा फोटो आणि त्यांचे शब्द : ‘टाकी फुटल्यापासनं थेंब आला न्हाई.’ निवडणूक महिन्यावर आलेली. दुपारपर्यंत तालुकाभर ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तेच होतं.

शामकांतरावांनी स्टँडच्या कडेला जाऊन संपादकांना फोन लावला.

“मी हे लिहिलं नाही, साहेब.”

“माहीत आहे. खुलासा सभापतींच्या ऑफिसातून आला. मिरजगावच्या बातमीला तुमचंच नाव लागतं.”

“त्या बाई असं बोलल्याच नाहीत. टाकी फुटलीय, मीच कळवलं होतं तुम्हाला.”

“तेव्हा जागा नव्हती. मुळे, लोक ब्लॉग वाचायला लागलेत. जाहिराती गेल्या तर पेपर बंद पडेल. मग तुम्ही लिहिणार कुठे?”

फोन ठेवल्यावर ते कल्याणच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. कल्याण एकेकाळी त्यांचा विद्यार्थी होता. त्याने उठून खुर्ची दिली.

“मला वाटलंच सर, ही भाषा तुमची न्हाई. चार ओळी लिहून द्या. ‘माझ्या नावावर खोटी बातमी छापली.’ आत्ता टाकतो.” त्याचे डोळे चमकत होते. “पेपरचा वार्ताहरच बोलला म्हटल्यावर जिल्हाभर फिरंल.”

त्याने कागद आणि पेन पुढे ठेवलं. शामकांतरावांनी पेन हातात घेतलं. त्यांची मुलगी अपूर्वा सभापतींच्याच संस्थेत शिक्षिका होती. सहा वर्षं झाली तरी कायम झाली नव्हती, आणि जूनमध्ये यादी लागायची होती.

“टाकी फुटल्याचं तुमाला ठाऊक हुतं ना, सर?” कल्याणने हळूच विचारलं.

“होतं.”

“मग तीन वर्षं कुठंतरी बोलायचं.”

त्यांनी पेन कागदावर आडवं ठेवलं. “मला जमणार नाही, कल्याण.”

कल्याणने कागद उचलला. तो रागावला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

वस्तीवर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. छबूबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी पोतं अंथरलं.

“बसा गुरुजी. पेपरात माझं नाव आलंय म्हनं. नातीनं, संस्कृतीनं सांगितलं अन् शाळंत गेली. काय लिवलंय, वाचा बरं.”

“छबूबाई, ते मी लिहिलेलं नाही.”

“आधी वाचा तर.”

त्यांनी वाचलं. ‘पाणी नियमित येते. ब्लॉगवाल्याने मला फसवून फोटो काढला, असे छबूबाई यांनी आमच्या प्रतिनिधीशी बोलताना सांगितले.’

“परतिनिधी कोन?”

“मी.”

छबूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “मी तुमाशी कवा बोलले?”

“नाही बोललात.”

“मग सगळ्यांला तसं सांगा की. पान्याला गेले तर बाया म्हनतील, म्हातारीनं पैसं खाल्लं. कल्यानला बी वाटंल, ही उलटली.”

“कल्याणला सांगितलंय मी.”

“अन् बाकीच्यांला?”

शामकांतराव वर्तमानपत्राची घडी घालून ती मांडीवर दाबत राहिले. छबूबाई पदराला हात पुसून उठल्या. त्यांनी हंडा काखेला लावला आणि कळशीकडे वाकल्या. विहीर ओढ्यापलीकडे होती.

शामकांतरावांनी पुढे होऊन कळशी उचलली. “चला, मी येतो.”

“नगं, गुरुजी,” छबूबाई सावकाश म्हणाल्या. “आज तुमाला माझ्यासंगं बघितलं, तर लोकांला पेपरातलं खरंच वाटंल.”

शामकांतरावांनी कळशी खाली ठेवली. छबूबाईंनी ती दुसऱ्या हातात घेतली आणि बांधावरून चालू लागल्या. त्या ओढ्यात उतरून दिसेनाशा झाल्या, तरी शामकांतराव दारातच उभे होते.