मोरचूद

माझं डोकं लहानपणापासून गरम. तरी सासरी आल्यावर एक नियम मुकाट पाळला, सासऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई. त्यांचं नाव मोराजी. म्हणून वावरात मोर नाचला तरी मी "ते पाखरू" म्हणायची. गावातल्या साऱ्या सुनांचं असंच व्हतं.

निजामाचं राज व्हतं तवाची गोष्ट. पेरणी तोंडावर अन् आमच्या पवळ्या बैलाच्या खुरात किडे पडले. मालक तापानं फणफणलेले, मामंजीचे गुडघे गेलेले. बैल गेला तर पेरा कशाचा? मामंजी म्हणले, "शकू, बाळापूरच्या बाजारातून मोरचूद आण. पाण्यात कालवून खुर धुवू."

झालं! मी जडीबुटी इकणाऱ्या अत्तारचाचाच्या दुकानाम्होरं उभी.

"चाचा, ते निळं द्या."

त्यानं कापडाची नीळ काढली.

"तसलं न्हाई, खडे. बैलाच्या खुराला लावायचे."

त्यानं तुरटी दाखवली, मग हिराकस.

"अहो, पाखराचं नाव असलेलं!"

"हंसराज?" म्हणून त्यानं वाळल्या पाल्याची जुडी म्होरं केली. बाजूच्या बाया खिदळल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बैल मरून राहिला तिकडं! मोरचूद! मोरचूद द्या मला!"

मागं आमच्या गावची पारुबाई. "अगं बया, सासऱ्याचं नाव घेतलंस?"

चाचानं शांतपणे एक खडा फोडला. "बघ बेटी, मोराच्या गळ्याचा रंग. जुन्या लोकांनी हा रंग बघून नाव ठेवलं. तुझ्या सासऱ्याचं काय त्यात? आमी तर नीला थोथा म्हणतो."

हे दुसरं नाव आधी सांगितलं असतं तर तुमचं काय गेलं असतं, असं लई जिभेवर आलं. पुडी घेऊन निघाले. वाटंनं जीव थाऱ्यावर नव्हता. नाव घेतलं म्हणून म्हातारा माहेरी धाडील, हेच डोक्यात. पारुबाई तर गाडीत बसून म्होरं गेलेली.

मामंजी गोठ्यातच बसले व्हते. त्यांनी पुडी घेऊन पाण्यात कालवली. आमी दोघांनी निळ्या पाण्यानं खुर धुतला, किडे गळून पडले. जरा वेळानं पवळ्यानं पाय टेकला अन् कडब्याला तोंड लावलं.

"पारु सांगत व्हती," मामंजी म्हणले. "भर बाजारात घेतलंस म्हणं."

"चुकलं, मामंजी."

"माय व्हती तवा नावानं हाक मारायची. मग दोस्त मारायचे, तेबी गेले. तुह्या सासूनं तर जन्मात घेतलं न्हाई. आता कुणी मामंजी, कुणी बाबा, कुणी म्हातारा." त्यांनी पवळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बाजारात अर्धंच घेतलंस, पोरी. एकदा पुरं घे. मला ऐकू दे."

मला रडू फुटलं. पदर सावरला, मान खाली घातली अन् म्हणले, "मोराजी."

"ओ," म्हातारा म्हणला.