आधी त्यांचं बघा

डॉक्टरीणबाईंनी पंजा मुठीत धरला आणि तुटलेल्या नखावर कापूस दाबला. कुत्र्याने दवाखाना डोक्यावर घेतला होता. त्याची मालकीण, कॉलेजात शिकणारी एक मुलगी, त्याच्याहून मोठ्याने रडत होती. दारापासून टेबलापर्यंत फरशीभर रक्ताचे ठसे उमटले होते.

नख तुटून कुणी मरत नाही. हे बाईंना वीस वर्षांपासून पाठ होतं. नव्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी बजावत, की ओरडणारा थांबू शकतो, गप्प बसलेल्याची हिरडी आधी दाबून बघा. बोट काढल्यावर दोन सेकंदांत रंग परतला नाही, तर हातातलं सगळं सोडून द्या.

पण आज बाकावरचे आजोबा आडवे आले. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून पडलेली मांजर टोपलीत घालून ते आधी आले होते. बाई टोपलीकडे वळणार, तेवढ्यात कुत्रं रक्त सांडत आत शिरलं आणि आजोबांनी टोपली स्वतःकडे ओढून घेतली.

"आमच्या बाईसाहेब शांत आहेत. मजेत घुरघुरतायत. आधी त्या पोरीचं बघा."

माणूस इतक्या गोडीने बोलला, की बाई वाकून टोपलीत डोकावल्यासुद्धा नाहीत.

दहा मिनिटांनी त्यांनी झाकण उघडलं तेव्हा घुरघुर थांबली होती. हिरडी पांढरीफटक पडली होती, पोटात रक्त साचलं होतं. टेबलावर घेऊन बाईंनी करता येईल ते सगळं केलं. मांजर गेली.

मांजरं वेदनेतही घुरघुरतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. स्वतःची अशी चीड आली, की हात धुऊन झाल्यावर नळ बंद करायचंही भान राहिलं नाही.

बाहेर येऊन त्यांनी सांगितलं. चूक माझी, मी आधी बघायला हवं होतं, हेही सांगितलं.

"तुमची कशी?" आजोबा म्हणाले. "मीच म्हटलं ना."

रिकाम्या टोपलीतल्या फडक्याची ते घडी घालत होते. ती काही केल्या जमत नव्हती. घरी अजून कोण असतं, असं बाईंनी विचारलं.

"ह्याच होत्या."

इतक्यात एक गृहस्थ खोका छातीशी धरून घाईघाईने आत आले. खोक्यात काहीतरी जोरात धडपडत होतं. आजोबांनी बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.

"मी बसतो जरा. दमलोय, बाकी काही नाही. आधी त्यांचं बघा."

बाई खोक्याकडे वळल्या आणि जागीच थांबल्या. मग त्यांनी आजोबांकडे प्रथमच नीट पाहिलं. कपाळ घामाने डबडबलं होतं, ओठ राखाडी झाले होते. डावा हात मांडीवर नुसता पडून होता. मघापासून हे सगळं त्या दुःख समजत होत्या.

त्या गुडघ्यांवर बसल्या, तो हात उचलला आणि अंगठ्याचं नख दाबून सोडलं.

एक. दोन. तीन. नख पांढरंच राहिलं.

"अहो, मी ठीक आहे."

"असाल," बाई म्हणाल्या, आणि हात न सोडता त्यांनी आतल्या नर्सला हाक मारून रुग्णवाहिका बोलवायला सांगितली. खोकेवाले गृहस्थ अस्वस्थ होऊन पुढे सरकले. बाईंनी मान वर केली नाही. खोक्यातली धडपड त्यांना ऐकू येत होती. म्हणजे ते थांबू शकत होतं.