सहाचे बटाटे

ग्रँडमास्टर गेर्लोफ हुकेमाला हरवणारा माणूस अख्ख्या हॉलंडात नव्हता. त्यानं हरवलेला माणूसही शोधून सापडला नसता. याचं कारण चित्स्के, त्याची बायको.

चित्स्केचे बटाटे संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ताटात पडायचे. हार्लिंगन बंदरातले लोक शपथेवर सांगत, की चर्चचा घड्याळवाला तिच्या खिडकीतली वाफ बघूनच काटे जुळवतो. सहाला ताटावर बसायचं तर साडेपाचला उठायला हवं, आणि उठायचं तर डाव मिटवायला हवा. मग गेर्लोफ हात पुढे करून म्हणायचा, "बरोबरी?" एकदा परदेशात, दोन प्यादी गमावून बसलेल्या एका रशियनानं हे ऐकून त्याचे मटामट मुकेच घेतले. तिथं कुणी ताट वाढून बसलं नव्हतं, पण हाडात मुरलेली सवय गावाची वेस ओलांडली म्हणून थोडीच सुटते! वर्तमानपत्रवाले तर त्याचा निकाल आदल्या दिवशीच छापून मोकळे व्हायचे. सकाळच्या कॉफीबरोबर तो वाचताना गेर्लोफ चमचा चावायचा.

असं करत केस पिकले. देशाचा किताब काही हाताला लागला नाही. यंदा मात्र स्पर्धा गावातच होती आणि शेवटचा डाव उरला होता. जिंकला तर किताब गेर्लोफचा. बरोबरी झाली तर समोरच्याचा, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या लेंडर्टचा.

"आज सहाला येत नाही," गेर्लोफ सकाळी दारातून म्हणाला.

"मग कितीला?"

"जिंकल्यावर."

चित्स्के बटाटा सोलता सोलता थांबली. "म्हणजे नक्की कितीला?"

लेंडर्ट मोठा बिलंदर. पुरता हरत आलेला, तरी एकेका चालीआधी छताच्या तुळया मोजत बसायचा. साडेपाच वाजले तसा टेबलावर झुकून कुजबुजला, "काय हुकेमा, घरी बटाटे शिजले असतील. करायची ना बरोबरी?"

"नाही."

पहिल्या रांगेतल्या एका आजोबांच्या तोंडातून पाइपच गळून पडला.

सहा वाजले, अख्ख्या गावाची जेवायची वेळ. हॉल असा रिकामा झाला की जणू समुद्राचा बांधच फुटला. पंचसुद्धा घड्याळाकडे बघत चुळबुळायला लागले. लेंडर्टनं निवांतपणे खिशातून चीज लावलेला पाव काढला. संध्याकाळी सहाला थंड पाव! अ‍ॅमस्टरडॅमच्या लोकांना लाज म्हणून नसते.

गेर्लोफच्या पोटात कावळे ओरडू लागले, पण खरा घोळ वेगळाच होता. पटावरची गर्दी सरली आणि राजाभोवती मोकळी घरंच घरं उरली. या मुलखात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं! डावाचे शेवट त्यानं पुस्तकात वाचलेले, नकाशात समुद्र बघावा तसे. सगळी हयात साडेपाचच्या अलीकडे गेलेली.

तरी धडपडत, घाम पुसत त्यानं शेवटचं प्यादं पुढे रेटलं. लेंडर्टकडे एकटा राजा उरला. प्यादं टोकाला पोचलं. गेर्लोफनं छाती फुगवून त्याचा वजीर केला आणि तो असा आपटला, की पंच दचकून जागे झाले.

लेंडर्टनं पाव खाली ठेवला. पटाकडे पाहिलं, मग गेर्लोफकडे. "हुकेमा, मी हलू कुठं?"

राजाला शह नव्हता आणि सरकायला घरही नव्हतं. नियमानं डाव बरोबरीत. वजिराऐवजी हत्ती घेतला असता, तर पुढच्याच चालीला मात होती. गेर्लोफनं हे शेवटी पाहिलं, पण लेंडर्टनं त्याचा हात हातात घेतल्यावर.

घरी चित्स्के विणत बसली होती.

"जिंकलास?"

"बरोबरी."

"अगंबाई! मग ती साडेपाचला काय वाईट होती?"

त्यानं टोपी भिंतीवर भिरकावली. "हं, घाल माझे बटाटे कोंबड्यांना आणि हो मोकळी!"

"कोंबड्यांना कशाला? पातेलं रजईत गुंडाळून पलंगावर ठेवलंय."

गेर्लोफनं रजई उलगडली, झाकण उचललं. भपकन वाफ त्याच्या तोंडावर आली.

"हे... अजून गरम?"

"रजईत रात्रभर राहतात. माझी आई बाबांसाठी असंच ठेवायची, ते बोटीवरून कधीही यायचे."

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"तू कधी उशिरा आलास?" चित्स्के म्हणाली आणि तिनं पुढचा टाका घातला.