लाडू फुटत नाही

महिपत मास्तरांनी लाडू दाढेखाली धरला आणि असा जोर लावला की डोळ्यांत पाणी आलं. लाडू मात्र ढिम्म!

शेजारी बसलेल्या आवडाआत्याने त्यांना कोपराने ढोसलं. माजिवड्याला दामाजींची मुलगी पाहायला निघताना तिने भाच्याला बजावलं होतं, "तुझं ते विज्ञान शाळेतच ठेव बाबा. आधीची स्थळं त्यापायीच गेली." आणि हे स्थळ जाऊ नये असं मास्तरांना मनापासून वाटत होतं. तुळसा ताटली ठेवून आत वळली, तेव्हाच ती त्यांना आवडून गेली होती.

पण जीभ गप्प बसेल तर ना!

"एवढ्याच वजनाच्या सुरुंगाच्या दारूपेक्षा," लाडू हातात तोलत मास्तर म्हणाले, "या लाडवात चौपटीहून जास्त ऊर्जा आहे."

आत्याने कपाळावर हात मारला. दामाजींची शीळफाट्याकडे दगडाची खाण. सुरुंग उडवण्यातच त्यांची हयात गेलेली.

"माझ्या पोरीचा लाडू म्हंजे सुरुंग?"

"छे छे! त्याहून भारी."

"मंग उद्यापासून खाणीत लाडूच ठासतो की!"

झालं! आत्या पिशवी घेऊन उठलीच. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात दाराआडून तुळसाचा आवाज आला, "मग लाडू फुटत का नाही?"

मास्तर खुलले. असला प्रश्न त्यांना वर्गात कुणी कधी विचारला नव्हता.

"दारू आपलं सगळं एका क्षणात उधळून टाकते. लाडवाला घाई नसते. तो पोटात जातो आणि दिवसभर पुरवून पुरवून देतो."

आत बांगड्या वाजल्या. तुळसा बाहेर आली आणि तिने मास्तरांच्या हातातला लाडू सरळ काढून घेतला.

"राहू द्या. दात जाईल."

तिने दुसरी ताटली पुढे ठेवली. तिची आई, रखमाबाई, चकित होऊन बघतच राहिली.

"अगं, हे लाडू कुठले?"

"डब्यातले. आधीच्यांचा पाक पुढे गेला, दगड झालेत ते."

"दर पाव्हण्याच्या वेळी बरा गं तुझा पाक पुढे जातो! अन् हा डबा तर तू कुणालाच..."

रखमाबाईंनी एकदम जीभ चावली. आत्या पिशवीसकट पुन्हा खाली बसली.

मास्तरांचं कशातच लक्ष नव्हतं. त्यांनी दातओठ आवळून नवा लाडू घट्ट धरला, आणि तो त्यांच्या बोटांतच फुटला.