राणी किड्याची धुरी

काबवोहे गावच्या बाजारात त्या दिवशी मटोके, म्हणजे भाजीची हिरवी केळी, विकायला बायका बसल्या होत्या, पण घ्यायला कोणी नव्हतं. सगळी गर्दी रुताहिग्वा वैद्याच्या ताडपत्रीखाली. जो तो तोंड उघडून उभा; काही दुखण्याने, बाकीचे आश्चर्याने.

रुताहिग्वाचं शास्त्र अगाध! परातीत पाणी, पाण्यात दगड, दगडावर कुदळीचं तापलेलं पातं, पात्यावर तुपात मळलेल्या बिया आणि वर भोपळ्याचं नळकांडं. रोग्याने त्याला तोंड लावायचं की वैद्यराज गायला लागत:

"धुरा धुरा, चढ रे,
किड्या किड्या, पड रे!
राणी लपली आत,
उपटून टाकू दात!"

आणि परातीत खरोखरच पांढरे किडे तरंगू लागत.

"बघा!" एक विधुर ओरडला, "एवढी मंडळी माझ्या दाढेत, आणि मी समजत होतो घरात एकटाच आहे!"

मग कोबुसिंग्ये आपल्या सात वर्षांच्या अशाबाला घेऊन पुढे आली. पोरीची मागची दाढ ठणकत होती. धुरी आधीही झाली होती, ठणका परतला होता.

"किड्यांची राणी आत राहिली," रुताहिग्वाने निदान केलं आणि चिमटा विजारीला पुसला. "आज धुरी, मग दाढ!"

"काढा. दुधाचीच आहे," कोबुसिंग्ये म्हणाली. "छपरावर टाकू, उंदीर दुसरी देईल."

"कोणता दात पडून त्याच्या जागी ही दाढ आली गं?" गर्दीतून आवाज आला. दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टर नातुरिंदाबाई होत्या.

"कोणताच नाही. मागे आपली आपणच उगवली."

"म्हणूनच ती दुधाची नव्हे. सहाव्या वर्षी येते ती जन्मभराची. गेली तर उंदराच्या पाया पडलीस तरी दुसरी मिळायची नाही."

कोबुसिंग्येचा हात लेकीच्या खांद्यावर घट्ट झाला.

"बाईंच्या पुस्तकात किडे नसतील," रुताहिग्वा हसला, "माझ्या परातीत आहेत!" लोकांनी टाळ्या पिटल्या. पुरावा डोळ्यांपुढे तरंगत असताना विचार करायचे कष्ट कोण घेतो?

चिमट्याकडे बघून अशाबा सोबत आलेल्या आजोबांच्या पायाला बिलगली. "आधी आजोबांना धुरी. मग मला."

केळ्याच्या दारूने खुशीत आलेले बाग्येंदा आजोबा लगेच नळकांड्याला चिकटले. बिया पडल्या, गाणं झालं, आणि परातीत किड्यांची जत्रा भरली.

"वाहवा!" लोक म्हणाले.

आजोबांनी धूर सोडला आणि आ वासला. आत गुळगुळीत बोळकं. "वैद्यबुवा, माझा शेवटचा दात गेला तेव्हा या कोबुसिंग्येचं लग्नही झालं नव्हतं. हे पाहुणे उतरले होते कुठे?"

हसण्याने ताडपत्री हलली. "ते... पूर्वजांचे किडे असतात," वैद्यराज पुटपुटले. नातुरिंदाबाईंनी मूठभर बिया उचलून पात्यावर टाकल्या. नळकांड्याला कोणाचंच तोंड नव्हतं. किडे तेवढेच आले.

"या रानवांग्याच्या बिया," त्या म्हणाल्या. "उष्णतेने फुटतात, आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. तोच तुमचा किडा. आणि ठणका तसाही चढतो, उतरतो. उतरला की श्रेय धुराला, चढला की दोष राणीला!"

"मग दाढेचं काय करू, बाई?" कोबुसिंग्येने विचारलं.

"जपायची. उगवली म्हणजे घडून संपली असं नाही. तिची मुळं अजून वाढताहेत. आत जिवंत पेशी आहेत, गवंड्यासारख्या. दाढेची भिंत बांधताना त्या तिच्यातच वाढीचे निरोप, म्हणजे वाढीची रसायनं, चिणून ठेवतात. जंतूंच्या आम्लाने भिंत झिजली की निरोप सुटतात, आणि पेशी आतून नवा थर लावायला घेतात. घाण काढून भोक बुजवलं, तर त्यांना सवड मिळते. चिमट्याने मात्र गवंड्यांसकट घरच जातं."

नातुरिंदाबाईंनी अशाबाची दाढ साफ करून भोक बुजवलं. वर्षाने क्ष-किरण चित्रात मुळं लांबलेली दिसली, आणि बुजवलेल्या भोकाखाली, आतल्या बाजूने, एक नवा, फिकट थर. गाणं नाही, धूर नाही. अंधारात, कणाकणाने, पोरीच्या झोपेतही चाललेलं काम.

रुताहिग्वा आता दुसऱ्या गावात गातो म्हणे. तिथल्या लोकांनो, एवढंच करा: हात जोडण्याआधी तोंड उघडा, आणि विचारा, "नळकांड्याला कोणाचंच तोंड नसेल तर काय होतं?"