सहा नंबरचा एप्रन

"बाई, पोटात दुखतंय," त्सुबोई म्हणाला.

"कुठं?"

त्सुबोईनं छातीवर हात ठेवला. मग विचार करून हात गुडघ्याकडे नेऊ लागला.

"तिथं पोट नसतं रे."

मिनोवाबाईंची हयात शाळेच्या दवाखान्यात गेली होती. पोट कुठं असतं, एवढं त्यांना कळत होतं. त्सुबोई हा आजचा चौथा. चौघंही सातवीचे, वर्गाला दुपारचं जेवण वाढणारे या आठवड्याचे वाढपी. पलंग दोनच, म्हणून त्सुबोईला वजनकाट्यावर बसवलं.

वाढप्यांचे एप्रन शाळेचे. शुक्रवारी पाळी संपली की ज्यानं त्यानं आपला घरी न्यायचा आणि सोमवारी धुऊन, इस्त्री करून पुढच्याला द्यायचा. त्सुबोईच्या वाट्याला आलेला सहा नंबरचा एप्रन कुसाकानं धुतला होता. कुसाका मनाच्या आजारासाठी इस्पितळात राहून नुकतीच वर्गात परतली होती. "या वेळी नाही जमलं, तर मी पुन्हा येणार नाही, बाई," असं तिनं मिनोवाबाईंना शांतपणे सांगून ठेवलं होतं.

उरलेल्या तिघांचे एप्रन सहा नंबरला खुंटीवर टेकले होते. म्हणून त्यांचीही पोटं दुखत होती.

"त्सुबोई, माझ्या व्याख्यानानंतरच्या चाचणीत तूच लिहिलंस ना, मनाचा आजार पसरत नाही म्हणून? खाली दोन रेघासुद्धा मारल्यास."

"ते चाचणीत, बाई. हे कपड्यांत."

दारात कुसाका उभी होती. सहा नंबरचा एप्रन घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून.

"मीच वाढते, बाई. वर्ग उपाशी बसलाय."

"एकटी?"

"रस्साच तर आहे. तो काही बोलत नाही."

बाईंनी वर्गात जाऊन खुंटीवरचा दुसरा एप्रन चढवला. बाह्या कोपरापाशीच थांबल्या. पोरं खिदळली. कुसाकाही हसली. पण रांगेत कुणी येईना. भात निवत चालला.

मग वजनकाट्यावरून उठून बाईंमागं आलेला पोटदुखीवाला त्सुबोई ट्रे घेऊन पुढं आला.

"बरं वाटतंय?" बाईंनी विचारलं.

"वासानं जरा." मग कुसाकाकडे न बघता, "बटाटे जास्त घाल."

तिनं घातले. त्याच्यामागं रांग लागली. बाईंना वाटलं, झालं.

जेवताना पोरं बाकं जोडून बसतात. सगळ्यांची जोडलेली होती. कुसाकाचंही होतं, फक्त शेजारच्या बाकात आणि तिच्या बाकात तळहाताएवढी फट होती. वर्गानं एकमतानं ती पाहिली नव्हती. बाई पळी धरून उभ्या राहिल्या. बाक ढकलावं तर सगळ्यांदेखत ढकलावं लागणार होतं.

कुसाकानं फट पाहिली. ती बसली. सगळ्यांबरोबर हात जोडून जेवणाआधीचे शब्द म्हणाली, जरा मोठ्यानंच. आणि वाटी फटीत जाऊ नये म्हणून ट्रे आपल्याकडे ओढून घेतला.